हुकूमतपनाह रामचंद्रपंत अमात्य

मालवणच्या धक्क्यावरून होडीने सिंधुदुर्गात जाणारा पर्यटक तेथील शिवराजेश्वराच्या मंदिरापुढे हात जोडल्याशिवाय परतत नाही. किल्ल्याचा पाया शिवछत्रपतींनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी घातला. हे मंदिर मात्र राजाराम महाराजांच्या काळातील मानले जाते. त्या काळातील बरीच वर्षे राजाराम महाराज महाराष्ट्रात नव्हतेच. ते दूर तामिळ मुलखात, जिंजीच्या किल्ल्यात होते. राजधानी रायगड मोगलांनी जिंकली होती आणि खजिना रिता झाला होता. अशा वेळी सह्याद्रीच्या दोन्ही अंगांचा मुलूख ज्याने सांभाळला, तो पुरुष म्हणजे रामचंद्र नीळकंठ बावडेकर, अर्थात रामचंद्रपंत अमात्य.

पंतांचा जन्म १६५०च्या सुमाराचा. वडील निळो सोनदेव हे शिवरायांच्या विश्वासातील कारभारी होते. १६७४ साली राज्याभिषेक झाला तेव्हा तरुण रामचंद्रपंत अष्टप्रधानांत अमात्य, म्हणजे जमाखर्चाचे प्रमुख होते. शिवरायांची राज्यव्यवस्था त्यांनी आतून पाहिली. सैनिकाला आणि अधिकाऱ्याला शक्यतो रोख वेतन द्यावे, वंशपरंपरेने जमिनी तोडून देऊ नयेत, हे तिचे मर्म होते. पुढे हेच मर्म बाजूस ठेवण्याची पाळी त्यांच्यावर यावयाची होती.

औरंगजेब दक्षिणेत उतरला आणि १७०७ साली त्याचा मृत्यू होईपर्यंत युद्ध थांबले नाही. पंचवीस वर्षांहून अधिक चाललेल्या या युद्धाने केवळ सैन्येच झुंजविली नाहीत, गावगाडाही भरडून काढला. दक्षिण कोकणाने याचा अनुभव आरंभीच घेतला. १६८४च्या सुरुवातीस शहजादा शाहआलम रामघाटाने खाली उतरला. मालवण, कुडाळ, बांदा, वेंगुर्ले या पट्ट्यात लूट आणि जाळपोळ झाली. परंतु उजाड केलेल्या मुलखात त्याच्याच फौजेला दाणा मिळेना. उपासमार आणि रोगराईने तिची दैना उडाली आणि शहजाद्याला घाट चढून परतावे लागले. रयतेच्या धान्यावरच युद्धाचा निकाल लागतो, हा धडा दोन्ही बाजूंनी तेथे घेतला.

फेब्रुवारी १६८९मध्ये संगमेश्वरी संभाजी महाराज पकडले गेले आणि मार्चमध्ये त्यांची हत्या झाली. राजाराम महाराज जिंजीकडे निघाले, तेव्हा महाराष्ट्राचा कारभार त्यांनी रामचंद्रपंतांच्या हाती सोपविला. हुकूमतपनाह हा किताब देऊन राजाच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार त्यांना दिला. एका प्रधानाला इतकी सत्ता देणे शिवकालीन रीतीत बसणारे नव्हते. युद्धाने राज्यकारभाराला दिलेले हे पहिले नवे वळण.

पंतांनी विशाळगडावर ठाण मांडले. शंकराजी नारायण सचिव आणि परशुराम त्र्यंबक यांच्या साहाय्याने त्यांनी किल्ल्यांवर रसद पोहोचविली, परागंदा रयतेला कौल देऊन गावे पुन्हा वसविली. संताजी घोरपडे व धनाजी जाधव यांच्या फौजांनी मोगलांच्या रसदेचे मार्ग तोडले. १६९२ साली पन्हाळा परत मिळाला.

मात्र फौजेला द्यावयाला पैसा नव्हता. औरंगजेब देशमुखांना आणि सरदारांना वतने, मनसबी देऊन आपल्याकडे ओढत होता. त्याला उत्तर म्हणून मराठी राज्यानेही वतने आणि सरंजाम देण्यास सुरुवात केली. सरदाराने स्वबळावर फौज उभी करावी, मुलूख जिंकावा आणि त्याच मुलखाच्या उत्पन्नावर ती पोसावी, असा हा व्यवहार होता. १६९१ साली हणमंतराव घोरपड्यांना दिलेल्या आश्वासनात तर दिल्ली जिंकण्यापर्यंतची मजल आखून सहा लक्ष होनांचे सरंजाम कबूल केले होते. रिकाम्या खजिन्याच्या राज्याने जिंकावयाच्या मुलखावर काढलेली ही हुंडीच होती. ती वटली. प्रत्येक सरदाराचा स्वार्थ राज्याच्या अस्तित्वाशी बांधला गेला आणि राजा दूर असतानाही युद्ध चालू राहिले. या व्यवस्थेचे लाभार्थी खुद्द पंतही होते. बावड्याची जहागीर त्यांच्या घराण्याकडे पुढे पिढ्यान्‌पिढ्या राहिली.

१७०० साली राजाराम महाराज निवर्तले. ताराबाईंच्या नेतृत्वाखाली झुंज पुढे चालली. १७०२ साली विशाळगडही पडला, पण वाटाघाटींनी आणि पैसे मोजून घेतलेल्या त्या गडावरून भर पावसात परतताना बादशहाच्या फौजेचे अतोनात हाल झाले. १७०७मध्ये औरंगजेब अहमदनगरजवळ मरण पावला. राज्य वाचले, परंतु ते पूर्वीचे राहिले नव्हते. शाहू महाराजांच्या सुटकेनंतर सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या. दोन्हीकडील सरदार आपल्या सरंजामाचे हित पाहून बाजू निवडू लागले. पंत कोल्हापूरच्या गादीकडे राहिले.

आयुष्याच्या अखेरीस, १७१५च्या सुमारास, त्यांनी कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या नावाने आज्ञापत्र लिहिले. या ग्रंथात त्यांनी वतनदारांविषयी दिलेला इशारा सर्वांत बोलका आहे. वतनदार हे आपापल्या जागी छोटे राजेच असतात, सत्ता ढिली पडताच ते प्रबळ होतात, म्हणून त्यांना सांभाळावे पण मोकळे सोडू नये आणि नवी वतने देऊ नयेत, असा त्याचा आशय. सनदा वाटणाऱ्या हातानेच हे लिहिले, म्हणून त्याचे मोल अधिक. संकटात केलेली तडजोड संकट टळल्यावर आपोआप मागे घेतली जात नाही, हे पंत पाहात होते.

याच ग्रंथात कोकणच्या रयतेचीही काळजी आहे. आरमारासाठी लाकूड हवे, पण रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये. ती झाडे तिने लेकरांसारखी वाढविलेली असतात. एखादे जीर्ण झाड घ्यावयाचे तर धन्याला राजी करून, पैसे देऊन घ्यावे, असे ते बजावतात. युद्धाच्या नावाखाली सरकारने प्रजेकडून किती घ्यावे, याची मर्यादा आखणारा हा विचार आहे. टोपीकरांना व्यापार करू द्यावा, मात्र समुद्रकाठी किल्ला बांधण्यास जागा देऊ नये, हेही त्यांनी सांगून ठेवले.

१७१६ साली पन्हाळ्यावर पंतांचा मृत्यू झाला. त्यांची भीती खरी ठरली. सरंजामी सत्तेने मराठ्यांचा पसारा वाढविला आणि तिनेच तो विस्कळीत केला. कोल्हापूरच्या ताब्यातील सिंधुदुर्ग १७६५ साली इंग्रजांनी घेतला. तो पैसे घेऊन परत केला खरा. पण १८१२च्या तहाने मालवण कायमचे त्यांच्या हाती गेले. औरंगजेबाच्या प्रदीर्घ युद्धात टिकून राहिलेला हा जलदुर्ग शेवटी एका करारावर गेला. सिंधुदुर्गाच्या तटावर उभे राहताना शिवछत्रपतींबरोबर या अमात्याचेही स्मरण व्हावे, ते एवढ्यासाठी.