रावबहादुर नारायण मेघाजी लोखंडे

रविवारी आमच्या शाळेची घंटा वाजत नाही. ज्या विद्यार्थ्यांचे आईवडील अंबरनाथ-बदलापूरकडील कारखान्यांत कामास जातात, त्यांच्या घरीही आठवड्यातून एक दिवस, मग तो रविवार असो वा दुसरा एखादा वार, पहाटे डबा भरण्याची घाई नसते. हा विसावा आपणांस पावसाप्रमाणे आपोआप लाभला आहे असे वाटते. वस्तुतः तो एका पुरुषाच्या चिकाटीने मिळाला. त्याचे चरित्र आम्ही आमच्या बालवाचकांस व त्यांच्या पालकांस थोडक्यात सांगणार आहोत.

नारायणरावांचा जन्म १८४८ साली आपल्याच जिल्ह्यात, ठाणे येथे झाला. घरची गरिबी असल्यामुळे शिक्षण बेताचेच झाले. रेल्वे व टपाल खात्यांत काही काळ चाकरी करून ते मुंबईत मांडवी येथील एका कापडगिरणीत भांडारपालाच्या जागी लागले. कामगार कसा जगतो, हे त्यांस तेथे रोज डोळ्यांदेखत दिसले.

त्या काळी गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते. म्हणून सूर्य उगवला की यंत्रे सुरू होत आणि मावळला की थांबत. उन्हाळ्यात दिवस मोठा, तेव्हा मजुराचे कष्टही त्या मानाने वाढत. कोरड्या हवेत सूत तुटते, यास्तव खात्यांत हवा दमट ठेवीत. त्यात कापसाची तूस उडे, यंत्रांचा खडखडाट चाले आणि फिरत्या पट्ट्यांत हात सापडण्याची धास्ती असे. दमलेल्या माणसाचे लक्ष ढळते व अपघात होतो. हात गेला की पोटही गेले, कारण नुकसानभरपाईचा कायदाच नव्हता. १८८१ च्या पहिल्या कारखाना-कायद्याने लहान मुलांचे काम नऊ तासांवर आणले. प्रौढ स्त्रीपुरुषांस मात्र तासांची मर्यादा घातली नाही.

नारायणराव महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे निष्ठावंत कार्यकर्ते होते. १८८० साली त्यांनी गिरणीतील चाकरी सोडली आणि ‘दीनबंधु’ हे पत्र मुंबईतून चालविण्याचे अंगावर घेतले. १८८४ साली ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ ही संस्था स्थापिली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात परळ येथे कामगारांच्या सभा भरल्या व एक अर्ज तयार झाला. त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या पडल्या. आठवड्यास एक दिवस सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाचे ठरीव तास, महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार आणि कामावर जखमी झालेल्यास बरे होईपर्यंत वेतन, एवढेच त्यांचे मागणे होते.

गिरणीमालकांनी ते लगेच मानले नाही. सहा वर्षे गेली, तरी नारायणरावांनी पाठपुरावा सोडला नाही. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या, ही त्या काळी मोठी नवलाची गोष्ट होय. अखेर १० जून १८९० रोजी मालकांच्या मंडळाने रविवारची सुटी मान्य केली. पुढील वर्षी नवा कायदा होऊन साप्ताहिक सुटी व मध्यान्हीची अर्ध्या तासाची विश्रांती पक्की झाली. स्त्रियांचे काम अकरा तासांवर व मुलांचे सात तासांवर आले. प्रौढ पुरुषांस तासांची मर्यादा मिळण्यास मात्र १९११ साल उजाडावे लागले आणि भरपाईचा कायदा १९२३ साली झाला. ते दोन्ही पाहण्यास नारायणराव राहिले नव्हते.

१८९३ साली मुंबईत हिंदू-मुसलमानांचा दंगा झाला, तेव्हा सलोख्यासाठी ते झटले. १८९५ साली सरकारने त्यांस रावबहादुर ही पदवी दिली. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. ज्यांस शक्य होते ते शहर सोडून गेले. नारायणरावांनी मात्र रोग्यांसाठी इस्पितळ चालविले आणि त्याच सेवेत प्लेगची बाधा होऊन ९ फेब्रुवारी १८९७ रोजी देह ठेवला. २००५ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

यंत्र, काम व कामाची जागा ही माणसाच्या शरीरास व मनास सोसतील अशी कशी मांडावी, ह्याचे आज स्वतंत्र शास्त्र आहे. त्यास एर्गोनॉमिक्स म्हणतात. कामाच्या मेजाची उंची, उजेड, आवाज, उष्मा, विश्रांतीच्या वेळा यांचा विचार त्यात होतो. इंग्लंडात त्याच्या अभ्यासकांची संस्था १९४९ साली निघाली. त्याच्या कितीतरी आधी नारायणरावांनी दमणूक व दुखापत ह्यांचा प्रश्न एका साध्या अर्जात मांडून ठेवला होता.

आमच्या जांभूळ गावी बारवीचे पाणी शुद्ध होऊन कारखान्यांकडे जाते. यंत्रास वेळेवर पाणी व तेल हवे, हे सर्वांस कळते. यंत्रापुढील माणसासही विसावा हवा, हे कळण्यास मुंबईत सहा वर्षे लागली. मुलांनो, आज संध्याकाळी आई किंवा वडील कामावरून परत आले की त्यांस पाण्याचा तांब्या द्या आणि दिवसभर किती वेळ उभे राहावे लागले, हे एकदा विचारा.