थॉमस अल्वा एडिसन आणि थकणारी बॅटरी



एडिसन म्हटलं की आपण मुलांना विजेचा दिवा सांगतो आणि थांबतो. आज त्यांच्या बॅटरीची गोष्ट पाहूया. सातारा-सांगलीकडे जुनी इलेक्ट्रिक कार घेऊ पाहणाऱ्या पालकांना ती उपयोगी पडेल.

एडिसन यांचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातील मायलन या गावी झाला. शाळेत ते काही महिनेच टिकले. आई नॅन्सी पूर्वी शिक्षिका होत्या. त्यांनीच मुलाला घरी शिकवलं. रेल्वेत वर्तमानपत्रं विकणाऱ्या या मुलाने १८७९ मध्ये बराच वेळ टिकणारा दिवा करून दाखवला.

१९०० च्या सुमारास अमेरिकेत विजेच्या मोटारी बऱ्याच होत्या. पण त्यांची शिशाची बॅटरी फार जड असे. एडिसन यांनी निकेल-लोखंडाची बॅटरी बाजारात आणली. नवी असताना ती छान चालायची. पण वापरात डबे गळू लागले, साठवणक्षमता घटू लागली. एवढं मोठं नाव पणाला लागलं होतं! तरीही त्यांनी उत्पादन थांबवलं, सदोष बॅटऱ्या परत घेतल्या आणि पुन्हा प्रयोगाला बसले. सुधारित बॅटरी यायला १९०९-१० उजाडलं. तोवर, १९०८ मध्ये, फोर्ड यांची पेट्रोलची मोटार आली होती. पुढे ही बॅटरी रेल्वे सिग्नल आणि खाणीतल्या दिव्यांसाठी वर्षानुवर्षं कामी आली. १८ ऑक्टोबर १९३१ रोजी एडिसन यांचं निधन झालं.

यातून आपण काय घ्यायचं? बॅटरीची परीक्षा वापरातच होते. त्या काळी डेट्रॉईट इलेक्ट्रिक ही मोटार एका चाचणीत सुमारे ३४० किमी धावली, पण कंपनी जाहिरातीत सुमारे १३० किमीच सांगे.

आता आपलं गणित. समजा, गाडीची बॅटरी नवी असताना ३० युनिटची होती. २० वरून ८० टक्के चार्ज करताना मीटरवर १६ युनिट पडले. १० टक्के तूट धरली तर बॅटरीत १४.४ युनिट गेले. ६० टक्क्यांना १४.४, म्हणजे १०० टक्क्यांना २४ युनिट. ३० पैकी २४, म्हणजे बॅटरी ८० टक्के उरली.

मग गाडी स्वतः चालवून बघा. ९० वरून ३० टक्क्यांवर येईपर्यंत ९६ किमी झाले, तर पूर्ण चार्जवर १६० किमी. त्यातले २० टक्के राखीव ठेवले की १२८ किमी उरतात. कराडमार्गे सातारा-सांगली सुमारे १२० किमी आहे. म्हणजे जेमतेम पोहोचाल. एसी लावला किंवा घाट लागला तर तेवढंही नाही. व्यवहार ठरवण्याआधी बॅटरीच्या आरोग्याचा अहवाल आणि उरलेली वॉरंटी जरूर मागा.

शेकडेवारीच्या पाठाला हेच उदाहरण वर्गात घेऊन बघा. मुलं घरी जाऊन वडिलांना गणित समजावतील!