पु. ल. देशपांडे

पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे (८ नोव्हेंबर १९१९, मुंबई – १२ जून २०००, पुणे) हे मराठी लेखक, नाटककार, नट, संगीतकार, चित्रपट दिग्दर्शक आणि एकपात्री प्रयोगकार होते. पु. ल. या आद्याक्षरांनीच ते महाराष्ट्रभर ओळखले जातात. अखेरच्या वर्षांत त्यांना कंपवाताने (पार्किन्सन आजार) ग्रासले होते.

जीवन

पु. लं.चे बालपण मुंबईच्या पार्ले उपनगरात गेले. त्यांचे आजोबा वामन मंगेश दुभाषी यांनी रवींद्रनाथांची 'गीतांजली' अभंगरूपात मराठीत आणली होती, पुढे पु. ल. स्वतः बंगाली शिकण्यासाठी शांतिनिकेतनात राहिले. १२ जून १९४६ रोजी त्यांचा सुनीता ठाकूर यांच्याशी विवाह झाला. काही काळ त्यांनी बेळगाव येथे प्राध्यापकी केली. १९५३ च्या 'गुळाचा गणपती' या चित्रपटाची कथा, संगीत, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका त्यांचीच होती. 'व्यक्ती आणि वल्ली' या संग्रहाला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९७४ मध्ये इचलकरंजी येथील साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. पु. ल. देशपांडे फाउंडेशनच्या देणगीतून १९८६ मध्ये पुण्यात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले.

'बटाट्याची चाळ'च्या एकपात्री प्रयोगात ते एकटे अख्खी चाळ उभी करीत. नेपथ्य जवळजवळ नसे. बदलता आवाज, बोलका चेहरा आणि हातांच्या हालचाली एवढ्यावर प्रयोग उभा राही. पेटीवादनातही त्यांची बोटे तशीच चपळ होती.

आजार

कंपवात नेमका याच गोष्टींवर घाला घालतो. मेंदूतील डोपामिन हे द्रव्य तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात आणि हालचालींवरचा ताबा सुटत जातो. सहसा साठीनंतर दिसणाऱ्या या आजाराची सुरुवात बहुधा एका बाजूने होते: हात स्वस्थ मांडीवर असताना थरथरतो, चालताना एक हात हलेनासा होतो, अक्षर बारीक होत जाते, आवाज खाली येतो, चेहऱ्यावरचे भाव मंदावतात. वास न येणे, बद्धकोष्ठता, झोपेत हातपाय झाडणे ही लक्षणे तर कंपाच्या कित्येक वर्षे आधीही दिसू शकतात. घरची माणसे हे सारे वयाचा परिणाम म्हणून सोडून देतात आणि निदान लांबते. वास्तविक प्रत्येक थरथर कंपवाताची नसते आणि प्रत्येक कंपवाती रुग्णाला कंप असतोच असे नाही. त्यामुळे मेंदूविकारतज्ज्ञाकडून तपासणी आवश्यक ठरते.

इंग्रज वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये सहा रुग्णांच्या आधारे या आजाराचे वर्णन केले. आयुर्वेदात खाजकुयलीचे बी वापरले जाई. त्यात लेव्होडोपा असल्याचे पुढे आढळले. तेच आजही मुख्य औषध आहे. त्याने लक्षणे आटोक्यात राहतात, आजार मात्र बरा होत नाही.

अखेरची वर्षे

१९९० मध्ये पु. लं.ना पद्मभूषण आणि १९९६ मध्ये पहिला 'महाराष्ट्र भूषण' पुरस्कार मिळाला. शरीर थकले असतानाही, पुरस्कार देणाऱ्या राज्यकर्त्यांच्या लोकशाहीविषयीच्या भाषेबद्दल त्यांनी त्या निमित्ताने नापसंती व्यक्त केली आणि त्यावरून वाद झाला. १९७७ च्या निवडणूक प्रचारात उतरलेल्या लेखकाला हे साजेसेच होते. पुण्यात त्यांचे निधन झाले, त्या दिवशी त्यांच्या विवाहाला ५४ वर्षे पूर्ण झाली होती.