कागदाची गुंडाळी आणि छातीतले आवाज

डॉक्टरकडे गेलात की "दीर्घ श्वास घ्या" असे सांगून ते तुमच्या छातीला आणि पाठीला स्टेथोस्कोप लावतात. तेव्हा तुम्ही थोडे गप्प बसता, सोबत आलेले नातेवाईकही बोलायचे थांबतात. हे साधन ज्याने शोधले, त्या डॉक्टरची गोष्ट आज सांगणार आहे. जुना खोकला अंगावर काढणाऱ्या प्रत्येकाने ती वाचावी.

रेने लेनेक यांचा जन्म 1781 मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील कँपेर या गावी झाला. ते पाच वर्षांचे असताना आई वारली, बहुधा क्षयानेच. पुढे नाँत शहरात डॉक्टर असलेल्या काकांनी त्यांना वाढवले आणि वैद्यकाची गोडी लावली. विसाव्या वर्षी ते पॅरिसला शिकायला गेले. प्रकृती नाजूक, अंगकाठी किरकोळ, पण अभ्यास दांडगा. त्यांना बासरी वाजवण्याचा छंद होता आणि लाकूडकामातही हात चालत असे. हे दोन्ही पुढे उपयोगी पडले.

त्या काळी छातीच्या आत काय चालले आहे हे कळायला डॉक्टरकडे फारशी साधने नव्हती. नाडी बघायची, छातीवर बोटांनी ठोकून आवाज ऐकायचा, नाहीतर थेट रुग्णाच्या छातीला कान लावायचा. एक्स-रे यायला अजून बरीच वर्षे होती.

1816 सालची ती तपासणी

1816 मध्ये पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात लेनेक यांच्यापुढे एक तरुण स्त्री आली. तिला हृदयविकाराची लक्षणे होती. अंग स्थूल असल्याने ठोकून काही कळेना, आणि तरुण स्त्रीच्या छातीला कान लावणे त्यांना बरे वाटेना. तेवढ्यात त्यांना एक साधी गोष्ट आठवली. लांब लाकडाच्या एका टोकाला टाचणीने खरवडले, तर दुसऱ्या टोकाला कान लावून तो आवाज स्पष्ट ऐकू येतो. त्यांनी कागद घेतले, घट्ट गुंडाळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवले आणि दुसऱ्याला कान लावला. हृदयाचे ठोके नुसत्या कानापेक्षाही स्वच्छ ऐकू आले.

मग त्यांनी स्वतः लाकडाची पोकळ नळी बनवली, साधारण एक फूट लांब. तिला नाव दिले स्टेथोस्कोप. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ छाती पाहणारे यंत्र. (दोन्ही कानांत घालायचा आजचा स्टेथोस्कोप त्यानंतर साडेतीन दशकांनी आला.)

खरे कष्ट पुढेच होते. आवाज ऐकू आला, पण त्याचा अर्थ काय? लेनेक रोज रुग्णांच्या छातीचे आवाज ऐकत आणि नोंदवून ठेवत. रुग्ण दगावला तर शवविच्छेदनात फुप्फुस पाहून आपला अंदाज बरोबर होता का ते तपासत. न्यूमोनिया, छातीत पाणी होणे, क्षयाने फुप्फुसात पडलेली पोकळी, या प्रत्येकाचा आवाज त्यांनी असा ओळखला. 1819 मध्ये त्यांनी हे सारे दोन खंडांच्या ग्रंथात मांडले. यकृताच्या सिऱ्होसिस या आजाराचे नावही त्यांनीच दिले.

स्वतःच्याच छातीतला आवाज

क्षयरुग्ण तपासण्यात आणि शवविच्छेदनात त्यांची अनेक वर्षे गेली. क्षय एकाकडून दुसऱ्याला होतो, हे तेव्हा फ्रान्समधील बहुतेक डॉक्टरांना मान्य नव्हते. त्याचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी 1882 मध्ये दाखवला. लेनेक यांची तब्येत वारंवार ढासळत होती. खोकला, ताप, खंगत जाणे. 1826 मध्ये ते ब्रिटनीतल्या आपल्या घरी परतले. डॉक्टर असलेल्या एका नातेवाइकाने त्यांची छाती तपासली, त्यांनीच शोधलेल्या नळीने. त्यातून क्षयाचे तेच आवाज आले, जे लेनेक यांनी जगाला ओळखायला शिकवले होते. 13 ऑगस्ट 1826 रोजी ते गेले. वय अवघे 45. आपली नळी त्यांनी त्या नातेवाइकाच्या नावे ठेवली होती.

तुमच्यासाठी यात काय आहे?

लेनेक यांना आजार ओळखता येत होता, पण त्यावर औषध नव्हते. आज औषध आहे, पण आपण तपासायला उशिरा येतो. सिगारेटचा खोकला आहे, हवा बदलली, धूळ गेली, असे म्हणत महिने काढतो. कधी लोक काय म्हणतील या भीतीने घरचेच आजार लपवतात.

म्हणून एवढे लक्षात ठेवा:

- दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे, रात्री घाम येणे किंवा थुंकीतून रक्त पडणे, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांना दाखवा.
- स्टेथोस्कोपने छाती स्वच्छ वाटली तरी टीबी नाही असे ठरत नाही. थुंकीची तपासणी आणि एक्स-रे सांगितला तर टाळू नका.
- सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी आणि औषधे मोफत मिळतात.
- नेहमीच्या टीबीचा उपचार साधारण सहा महिने चालतो. महिन्या-दोन महिन्यांत बरे वाटले म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका. नाहीतर औषधांना दाद न देणारा टीबी होऊ शकतो.
- घरात एकाला टीबी निघाला तर बाकीच्यांनीही तपासून घ्या, विशेषतः लहान मुलांना.

पुढच्या वेळी डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावतील, तेव्हा खोकला किती दिवसांचा आहे ते खरे सांगा. पंचेचाळिसाव्या वर्षी गेलेल्या त्या डॉक्टरला जो उपचार मिळाला नाही, तो तुमच्या जवळच्या दवाखान्यात आहे.