डॉ. लिव्हिंगस्टन यांची तयारी

आफ्रिका खंडांतील थोर मिशनरी व प्रवासी डॉ. डेव्हिड लिव्हिंगस्टन यांचें नांव आपल्या मंडळ्यांतील पुष्कळांनीं ऐकिलें आहे. परंतु परदेशांतील एका खेड्यांत जाऊन राहण्यापूर्वीं त्यांस कोणकोणत्या शाळांतून जावें लागलें, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. खेडोपाडीं सेवा करणाऱ्या आपणांस त्यांच्या चरित्राचा तोच भाग अधिक बोधप्रद आहे.

त्यांचा जन्म स्कॉटलंडांत ग्लासगो शहराजवळील ब्लँटायर गांवीं १९ मार्च १८१३ रोजीं झाला. घर गरीब, पण देवभीरु. दहाव्या वर्षीं डेव्हिड कापसाच्या गिरणींत तुटलेले धागे सांधण्याच्या कामास लागला. सकाळीं सहापासून रात्रीं आठपर्यंत काम चाले. त्यानंतर तो रात्रीच्या शाळेंत जाई. पहिल्या आठवड्याच्या मजुरींतील कांहीं पैशांनीं त्यानें लॅटिन भाषेचें व्याकरण विकत घेतलें. सूत काढण्याच्या यंत्रावर पुस्तक उघडें ठेवून येतां-जातां तो एकेक वाक्य वाचीत असे. गोंगाटांत मन एकाग्र करणें व थकल्या शरीरानें शिकत राहणें, हा धडा त्यास तेथें मिळाला.

पुढें चीन देशांत वैद्यकीय मिशनरी होण्याचें त्यांनीं ठरविलें व १८३६ सालीं ग्लासगोच्या अँडरसन कॉलेजांत नांव घातलें. हिवाळ्यांत अभ्यास व उन्हाळ्यांत गिरणींत मजुरी, अशा रीतीनें ते फीची तजवीज करीत. १८३८ सालीं लंडन मिशनरी सोसायटीनें त्यांस उमेदवार म्हणून घेतलें व ओंगर गांवीं रेव्ह. रिचर्ड सेसिल यांजकडे शिक्षणासाठीं पाठविलें. तेथें त्यांची मोठी फजिती झाली. एकदां स्टॅनफर्ड रिव्हर्स या जवळच्या गांवीं उपदेश करण्यास त्यांस धाडिलें होतें. उपदेश पाठ केलेला होता. ते उभे राहिले, शास्त्रवचन वाचलें, आणि पुढचें सर्व एकाएकीं विसरले! लोकांस तसें सांगून ते लगबगीनें बाहेर पडले. प्रार्थना करितांनाही ते अडखळत. गुरूंचा अहवाल अनुकूल नव्हता व कमिटी त्यांस नाकारण्याच्या बेतांत होती. परंतु एका सभासदानें रदबदली केल्यावरून त्यांस आणखी मुदत मिळाली, आणि अखेरीस ते पसंत ठरले. उत्तम वक्ते मात्र ते पुढेंही झाले नाहींत.

इतक्यांत अफूच्या युद्धामुळें चीनची वाट बंद झाली. आफ्रिकेंतील मिशनरी रॉबर्ट मोफाट यांची गांठ पडली, आणि ज्या असंख्य खेड्यांत सुवार्ता पोहोंचली नव्हती त्यांची हकीगत ऐकून त्यांचें मन तिकडे वळलें. १८४० च्या नोव्हेंबरांत वैद्यकीची परीक्षा उतरून त्यांनीं पाळकपदाची दीक्षा घेतली व ८ डिसेंबरास ते जहाजांत बसले. प्रवासांतही ते रिकामे बसले नाहींत. ताऱ्यांवरून आपलें स्थान कसें ओळखावें, हें त्यांनीं कप्तानाकडून शिकून घेतलें.

३१ जुलै १८४१ रोजीं ते बैलगाडीनें कुरुमान ठाण्यास पोहोंचले. आतां शिक्षण संपलें, असें दुसरा कोणी म्हणाला असता. लिव्हिंगस्टन यांनीं खरी शाळा तेथून पुढें धरिली. गोऱ्या लोकांची संगत सर्वस्वीं सोडून ते सुमारें सहा महिने उत्तरेस लेपेलोले येथें बाक्वेना लोकांत राहिले. त्या लोकांची भाषा, चालीरीति, कायदे व विचार करण्याची पद्धत हेंच त्यांचें पुस्तक. त्या मुलखांत पाण्याचे हाल फार, व पाऊस पाडणाऱ्या मांत्रिकाचें वजन मोठें. आपणही पाऊस पाडूं, पण मंत्रानें नव्हे, नदीचें पाणी पाटानें शेतांत आणून, असें लिव्हिंगस्टन यांनीं सांगितलें. फावडें एकच, तेंही दांड्यावांचून. लोकांनीं काठ्यांस टोकें काढून जमीन खणली, आणि चामडीं, कठवती व कांसवांच्या पाठी यांत भरून माती वाहिली. मजुरी कोणी मागितली नाहीं. परदेशी माणसाच्या या युक्तीवर मांत्रिकही पोट धरून हंसला, आणि स्वतः कामास लागला. जो व्यासपीठावर मुका झाला होता, त्याचें बोलणें येथें लोकांस समजूं लागलें.

त्यानंतरचे त्यांचे प्रवास जगप्रसिद्ध आहेत. १ मे १८७३ रोजीं चितांबो याच्या खेड्यांत त्यांचा अंत झाला. सोबतच्या आफ्रिकन बंधूंनीं त्यांचें हृदय तेथेंच झाडाखालीं पुरलें व देह शेंकडों कोस वाहून समुद्रकिनाऱ्यास आणिला. त्या वेळीं प्रेतसंस्काराची उपासना वाचणारा जेकब वेनराइट हा गुलामगिरींतून सुटलेला तरुण आपल्या नाशिक येथील मिशनच्या शाळेंत शिकलेला होता, हें महाराष्ट्रांतील मंडळ्यांनीं विसरूं नये.

प्रिय उपदेशक बंधूंनो, परीक्षेंत मागें पडलेल्या किंवा मंडळीपुढें शब्द विसरलेल्या सेवकानें खचून जाऊं नये. तसेंच दाखला हातीं आला म्हणजे शिक्षण पुरें झालें, असेंही मानूं नये. ज्या गांवीं प्रभूनें आपणांस ठेविलें आहे, तेथील बोली, तेथील विहीर व तेथील दुःख हीं शिकण्यास त्या लोकांत राहावेंच लागतें.