गणितानंद कापरेकर

आंबिवलीहून गाडीत बसले की शहाड, कल्याण, ठाकुर्ली मागे पडून डोंबिवली येते. आपण भगिनी तेथे बाजाराला जातो. पण त्या स्टेशनाचे नाव गणितात कायमचे जाऊन बसले आहे, हे कितीजणींना ठाऊक असेल?

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूस जन्मले. डहाणू तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. आठव्या वर्षी आई गेली. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद. घरातल्या त्या आकडेमोडीने मुलाला अंकांची गोडी लागली. शाळा ठाण्यास झाली. १९२३ साली ते पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात गेले. त्याच वर्षी डोंबिवली स्टेशनावर त्यांना काही गमतीच्या संख्या सुचल्या. ११ ला ११ ने गुणले की १२१, १११ ला १११ ने गुणले की १२३२१. अंक जिन्यासारखे चढतात नि उतरतात! डोंबिवलीलाच डेम्लो म्हणत, म्हणून यांचे नाव डेम्लो संख्या.

१९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले, १९२९ साली ते बी. एस्सी. झाले. पुढचे शिक्षण नाही. १९३० ते १९६२ देवळालीस शाळामास्तर.

त्यांचा मोठा शोध आपल्यालाही पाटीवर करून पाहता येतो. चार अंकी संख्या घ्यावी, सगळे अंक सारखे नसावेत. त्यांची निवृत्तीचीच साल घ्या, १९६२. अंक उतरत्या क्रमाने लावले की ९६२१, चढत्या क्रमाने १२६९. वजाबाकी ८३५२. पुन्हा तसेच: ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. आता कितीही वेळा करा, ६१७४ हलत नाही. कोणतीही संख्या घेतली तरी फार तर सात वजाबाक्यांत तेथेच येते. हे त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडले.

विद्वानांनी मात्र हा पोरखेळ मानला. मास्तरांनी पदरमोड करून पुस्तिका छापल्या. अखेर १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेच्या मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाला नाव कळले. आपल्या माणसाची पारख परक्याने करावी, याचे मला फार वाईट वाटते.

तोवर मास्तर सत्तरीला आले होते. पत्नी १९६६ सालीच वारल्या होत्या. पेन्शन पुरेना, म्हणून ते मुलांच्या शिकवण्या घेत. १९८६ साली ते निवर्तले. ६१७४ ला आज जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात.