नेपोलियनच्या केसांतील सोमल

दक्षिण अटलांटिक महासागरातील सेंट हेलेना या एकाकी बेटावर ५ मे १८२१ रोजी सायंकाळी पावणेसहाच्या सुमारास नेपोलियन बोनापार्टने अखेरचा श्वास घेतला. एकेकाळी अर्ध्या युरोपचा स्वामी असलेला हा सम्राट त्या वेळी ब्रिटिशांचा कैदी होता आणि त्याचे वय अवघे ५१ वर्षे होते. हा मृत्यू जठराच्या कर्करोगाने झाला की विषप्रयोगाने, या प्रश्नाने पुढे अनेक पिढ्यांना झपाटले. विशेष म्हणजे विषप्रयोगाचा दावा पुढे आणला तो इतिहासाच्या प्राध्यापकांनी किंवा पोलिसांनी नव्हे, तर एका दंतवैद्याने. शरीरसौष्ठवाच्या व्यवसायातील एका उद्योजकाने तो जगभर नेला. मूठभर केसांच्या आधारे चाललेल्या या वादात नेपोलियनच्या एका निकटच्या सहकाऱ्यावर खुनाचा ठपका आला आणि तो खोडून काढायला तो सहकारी हयात नव्हता.

कॉर्सिका ते वॉटर्लू

नेपोलियनचा जन्म १५ ऑगस्ट १७६९ रोजी कॉर्सिका बेटावरील अजाक्सियो येथे झाला. त्याच्या आदल्याच वर्षी हे बेट फ्रान्सच्या ताब्यात आले होते. वडील कार्लो हे वकील होते. १७८५ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी जठराच्या विकाराने त्यांचे निधन झाले आणि शवविच्छेदनात त्यांच्या जठरात गाठ आढळली. पंधरा वर्षांच्या नेपोलियनच्या मनावर या घटनेची छाया कायम राहिली. आपल्यालाही पित्याचाच रोग गाठणार, ही शंका त्याने अखेरच्या काळात वारंवार बोलून दाखविली होती.

त्याच वर्षी तो तोफखान्यात सेकंड लेफ्टनंट झाला. राज्यक्रांतीने जुन्या सरदारशाहीची उतरंड मोडली आणि गुणवान तरुणांना वाट मोकळी झाली. १७९३ मध्ये तुलाँचा वेढा यशस्वी करून तो २४ व्या वर्षी ब्रिगेडियर जनरल झाला. १७९६-९७ च्या इटलीच्या मोहिमेने त्याची कीर्ती युरोपभर पसरली. १७९८ मध्ये तो इजिप्तमध्ये उतरला. तेथून त्याने म्हैसूरच्या टिपू सुलतानाशी संधान बांधण्याचा प्रयत्न केला. मात्र १७९९ च्या आरंभी धाडलेले त्याचे पत्र वाटेतच ब्रिटिशांच्या हाती पडले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पॅरिसमध्ये सत्तापालट करून तो प्रथम कॉन्सल बनला आणि २ डिसेंबर १८०४ रोजी त्याने स्वतःच्या हाताने मस्तकावर मुकुट चढविला.

बँक ऑफ फ्रान्सची स्थापना, लिसे या माध्यमिक शाळांची उभारणी आणि १८०४ ची दिवाणी संहिता ही त्याच्या राजवटीची टिकाऊ कामे होत. १८०२ मध्ये फ्रेंच वसाहतींत गुलामगिरी पुन्हा लागू करण्याचा कलंकही त्याच राजवटीच्या माथी आहे. ऑस्टरलिट्झच्या विजयाने १८०५ मध्ये त्याचे वैभव शिखराला पोहोचले. १८१२ च्या रशियावरील स्वारीने मात्र त्याच्या सहा लाखांच्या आसपास असलेल्या सेनेचा चुराडा केला. एप्रिल १८१४ मध्ये त्याला सिंहासन सोडावे लागले. त्या वेळी फाँतेनब्लोच्या राजवाड्यात त्याने विष घेतले होते. पण ते जुने झाल्याने तो बचावला. एल्बा बेटावरून निसटून त्याने पुन्हा सत्ता मिळविली आणि १८ जून १८१५ रोजी वॉटर्लू येथे ती कायमची गमावली.

वॉटर्लूचा विजेता ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणजेच आर्थर वेलस्ली. याच वेलस्लीने २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आज जालना जिल्ह्यात असलेल्या असई येथे शिंदे-भोसले यांच्या फौजांचा पराभव केला होता. भारतातून परतताना १८०५ मध्ये तो सेंट हेलेना बेटावर थांबला आणि ब्रायर्स नावाच्या घरी उतरला. दहा वर्षांनी त्याच बेटावर कैदी म्हणून आलेल्या नेपोलियनचे पहिले दोन महिने त्याच ठिकाणी गेले.

लाँगवूडमधील सहा वर्षे

ऑक्टोबर १८१५ मध्ये नेपोलियन बेटावर उतरला. आफ्रिकेचा किनारा तेथून सुमारे १९०० किलोमीटर दूर आहे. डिसेंबरपासून त्याला लाँगवूड या दमट, वाऱ्याने झोडपल्या जाणाऱ्या माळावरील घरात ठेवण्यात आले. बर्त्रां, मोंतोलाँ, गूर्गो, लास काझ हे सहकारी आणि लुई मार्शां हा विश्वासू सेवक असा लहानसा दरबार सोबत होता. १८१६ मध्ये आलेला गव्हर्नर हडसन लो आणि हा कैदी यांचे अखेरपर्यंत पटले नाही. खर्चात कपात, फिरण्यावर निर्बंध, इतकेच नव्हे तर नेपोलियनला कोणत्या पदवीने संबोधावे यावरूनही खटके उडत.

१८१७ पासून त्याची प्रकृती ढासळू लागली. उजव्या कुशीत दुखणे, पायांना सूज, उलट्या, थंडी वाजणे, कधी ग्लानी तर कधी निद्रानाश अशा तक्रारी वाढत गेल्या. १८२० च्या अखेरीपासून अन्न पोटात ठरेना. एप्रिल १८२१ मध्ये त्याने मृत्युपत्र केले. आपण अकाली मरत असून इंग्रज सत्ताधाऱ्यांनी आपला खून केला आहे, असा आरोप त्याने त्यात नोंदविला. मृत्यूनंतर आपले शवविच्छेदन करावे आणि विशेषतः जठर तपासावे, म्हणजे मुलाला सावध करता येईल, अशी सूचनाही त्याने डॉक्टरांना दिली होती. ३ मे रोजी ब्रिटिश डॉक्टरांच्या आग्रहाने त्याला कॅलोमेल या पाऱ्यापासून बनविलेल्या रेचकाची मोठी मात्रा देण्यात आली. दोन दिवसांनी सारे संपले.

दुसऱ्या दिवशी कॉर्सिकन डॉक्टर अँतोमार्की याने ब्रिटिश डॉक्टरांच्या उपस्थितीत शवविच्छेदन केले. जठरात मोठा व्रण होता. त्याला आरपार छिद्र पडले होते आणि यकृत तेथे चिकटल्याने ते बुजले होते. ब्रिटिश डॉक्टरांनी कर्करोगजन्य बदलांची नोंद केली. यकृत सुजलेले होते की नाही यावरून मात्र मतभेद झाले. यकृताचा विकार बेटाच्या हवामानाशी, म्हणजे पर्यायाने ब्रिटिश सरकारच्या जबाबदारीशी जोडला जाई. त्यामुळे हा प्रश्न वैद्यकीय राहिला नव्हता. अँतोमार्कीने संयुक्त अहवालावर सही केली नाही. पुढील संशयाचे बीज येथेच पडले.

१८४० मध्ये फ्रान्सला नेण्यासाठी शव बाहेर काढण्यात आले, तेव्हा ते आश्चर्यकारकरीत्या टिकून असल्याचे उपस्थितांना दिसले. डिसेंबरमध्ये पॅरिसच्या इनव्हालिद वास्तूत ते समारंभपूर्वक नेण्यात आले.

दंतवैद्याचा संशय

मार्शांच्या आठवणी १९५० च्या दशकात प्रथमच प्रसिद्ध झाल्या. स्वीडनमधील योटेबोर्ग येथील दंतवैद्य स्टेन फोर्शुफवुड यांनी त्या वाचल्या. विषांच्या अभ्यासाची त्यांना आवड होती. मार्शांने दिवसागणिक टिपलेली लक्षणे त्यांना आर्सेनिकच्या, म्हणजे आपल्याकडील सोमलाच्या, दीर्घकालीन विषबाधेशी जुळणारी वाटली. शव न कुजणे हेही त्यांना त्याचेच चिन्ह वाटले.

पुरावा मात्र हवा होता. रक्तातून पोहोचलेले आर्सेनिक वाढत्या केसात साठून राहते आणि केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. त्यामुळे केसाचे तुकडे करून तपासले, तर कोणत्या काळात किती विष शरीरात गेले याचा अंदाज बांधता येतो. पूर्वी अशा चाचणीसाठी पुष्कळ केस लागत. ग्लासगो विद्यापीठातील न्यायवैद्यक विभागाचे हॅमिल्टन स्मिथ यांनी अणुभट्टीतील न्यूट्रॉनचा मारा करून एकाच केसातील आर्सेनिक मोजण्याची पद्धत विकसित केली होती. नेपोलियनच्या केसांच्या बटा आठवण म्हणून अनेकांना मिळालेल्या असल्याने नमुने उपलब्ध झाले. ऑक्टोबर १९६१ मध्ये नेचर या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाला : केसांत दशलक्ष भागांमागे दहाहून अधिक भाग आर्सेनिक होते. आजच्या माणसाच्या केसांत ते एक भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. पुढील तपासणीत केसाच्या लांबीवर हे प्रमाण सर्वत्र सारखे नसून कमीजास्त होत असल्याचेही आढळले. कोणीतरी वेळोवेळी विष देत होता, असा अर्थ फोर्शुफवुड यांनी लावला.

माँट्रियलचे बेन वायडर हे शरीरसौष्ठवाच्या क्षेत्रातील उद्योजक आणि नेपोलियनचे निस्सीम चाहते या कामात सामील झाले. १९८२ मध्ये डेव्हिड हॅपगूड यांच्यासह लिहिलेल्या पुस्तकातून त्यांनी हा सिद्धान्त जगभर पोहोचविला. १९९५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयच्या प्रयोगशाळेत आणि २००१ मध्ये स्ट्रासबूर्ग येथे झालेल्या चाचण्यांतही आर्सेनिकचे प्रमाण जास्त आढळले.

बोट दाखविले गेले ते शार्ल द मोंतोलाँ याच्याकडे. सम्राटाच्या मद्याची व्यवस्था त्याच्याकडे होती, त्याच्या पत्नीचे सम्राटाशी संबंध असल्याची कुजबुज होती, मृत्युपत्रानुसार त्याला वीस लाख फ्रँक मिळणार होते आणि तो बूर्बाँ राजघराण्याचा हस्तक असावा असाही तर्क होता. संधी आणि हेतू दोन्ही दिसत होते. विष देताना त्याला पाहणारा साक्षीदार, कबुली किंवा तसा कागद मात्र एकही नव्हता. शिवाय १८४० मध्ये नेपोलियनच्या पुतण्याच्या फसलेल्या बंडात याच मोंतोलाँने भाग घेऊन कारावास भोगला. १८५३ मध्ये त्याचे निधन झाले.

भिंतीचा कागद आणि बालपणाचे केस

प्रतिवादही उभा राहत होता. १९८० मध्ये डेव्हिड जोन्स या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने लाँगवूडच्या भिंतीला कोणत्या रंगाचा कागद होता, असा प्रश्न रेडिओवरील कार्यक्रमात विचारला. एका श्रोत्या महिलेच्या घरी जुन्या चिकटवहीत त्या कागदाचा तुकडाच निघाला. त्याच्या हिरव्या रंगात आर्सेनिक होते. दमट हवेत बुरशीमुळे अशा रंगातून आर्सेनिकयुक्त वायू बाहेर पडतो. लाँगवूड दमट होतेच. केसांत आर्सेनिक असणे आणि कोणी ते हेतुपुरस्सर दिले असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून ठळक झाले.

पुढे २००२ मध्ये फ्रान्समध्ये १८०५, १८१४ आणि १८२१ या वर्षांतील केसांची तुलना झाली आणि तिन्ही काळांत आर्सेनिक जास्तच आढळले. २००८ मध्ये इटलीतील मिलान-बिकोका व पाविया येथील भौतिकशास्त्रज्ञांनी नेपोलियनचे कॉर्सिकातील बालपणाचे, एल्बावरील आणि सेंट हेलेनावरील केस तपासले; सम्राज्ञी जोसेफिन आणि नेपोलियनचा मुलगा यांचेही तपासले. साऱ्यांत आजच्या माणसांच्या सुमारे शंभरपट आर्सेनिक होते आणि अखेरच्या काळात ते लक्षणीय वाढलेले नव्हते. रंग, औषधे, धूर यांमुळे त्या काळच्या माणसाच्या जीवनात आर्सेनिक सर्वत्र होते, असाच त्याचा अर्थ निघतो. आर्सेनिक केसाच्या आतील भागात असल्याचा विषप्रयोगवाद्यांचा युक्तिवाद त्यामुळे कोसळत नाही. पण बालपणीच्या केसांत ते कोठून आले, याचे उत्तर त्यांच्या खुनाच्या कथेत नाही.

कर्करोगाची बाजूही दरम्यान भक्कम झाली. स्वित्झर्लंड व अमेरिकेतील विकृतिशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये १८२१ च्या शवविच्छेदनातील वर्णनाची तुलना साध्या व्रणांच्या ५० आणि जठराच्या कर्करोगाच्या ५० आधुनिक नमुन्यांशी केली. निदान दहा सेंटिमीटरचा तो व्रण कर्करोगाचाच असावा आणि तो जवळच्या लसिकाग्रंथींपर्यंत पसरला असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. नेपोलियनच्या विजारींच्या कमरेच्या मापांवरूनही अखेरच्या महिन्यांत त्याचे वजन दहा किलोच्या आसपास घटल्याचे दिसले. वांतिकारक औषधे आणि रेचकांच्या माऱ्याने हृदयाची लय बिघडली असावी, असा तिसरा तर्क २००४ मध्ये अमेरिकेतून पुढे आला. म्हणजे मृत्यू घाईने ओढवला असलाच, तर तो मारेकऱ्यापेक्षा उपचारांमुळे, असे ही मंडळी मानतात.

फोर्शुफवुड यांचे १९८५ मध्ये आणि वायडर यांचे २००८ मध्ये निधन झाले. दोघांनीही आपले मत अखेरपर्यंत सोडले नाही. त्यांच्या अनुमानाला वैद्यक क्षेत्रातील बहुसंख्य अभ्यासकांनी मान्यता दिली नाही, तरी केसांच्या चाचण्या, भिंतीच्या कागदाचा शोध आणि जुन्या अहवालाची नवी छाननी हे सारे त्यांच्या संशयामुळेच घडले. संशय विज्ञानाला चालना देतो. एखाद्यास खुनी ठरविण्यास मात्र तेवढा पुरेसा नसतो. मोंतोलाँवरील आरोप दोन शतकांनंतरही सिद्ध झालेला नाही आणि उपलब्ध पुरावा पाहता, पित्याला नेणाऱ्या रोगानेच पुत्रालाही नेले, हाच निष्कर्ष अधिक सबळ ठरतो. नेपोलियनने स्वतः वर्तविलेली भीती हीच होती.